जुनी लॅम्बोर्गिनी-फेरारी घेताय? टोकन सगळ्यात शेवटी : सातारा-सांगलीकरांसाठी टप्प्याटप्प्याने

सातारा, कराड, सांगली, विट्याकडून जुन्या सुपरकारबद्दल विचारणारे बहुतेक जण सुरुवातच अशी करतात : "टोकन दिलंय, आता जरा गाडी बघून घ्या." इथंच घोडं पेंड खातं. टोकन गेलं की घासाघीस करायची ताकद गेली. मग गाडीत खोट निघाली तरी माणूस मनाची समजूत घालून व्यवहार पुढे रेटतो.

एकरभर जमीन घ्यायची तर आपण आधी सातबारा काढतो, फेरफार बघतो, बोजा आहे का विचारतो, आणि मगच इसार देतो. कोटीच्या गाडीला मात्र व्हिडिओत एक्झॉस्टचा आवाज ऐकून पैसे पाठवतो. खाली दिलेल्या कामांचा क्रम बदलू नका. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा खर्च वाचवतो, आणि कुठल्याही टप्प्यावर गाडी नापास झाली तर तिथंच थांबता येतं.

## टप्पा १ : गाडी बघण्याआधी आपलं दार मोजा

याकडे कोणी लक्षच देत नाही, आणि गाडी घरी आल्यावर पहिला ओरखडा इथंच पडतो. एक मापपट्टी, एक लांब सरळ फळी आणि स्पिरिट लेव्हल घ्या.

पहिलं माप रुंदीचं. लॅम्बोर्गिनीची हुराकान आरसे सोडून १.९२ मीटर रुंद आहे, तिचीच मोठी बहीण अव्हेंटाडोर २.०३ मीटर. आरशांसकट सव्वादोन मीटरच्या आसपास धरा. गेटमधून ती जाईल, पण गेटमधून गेल्यावर वळायला जागा आहे का? दार उघडून माणूस बाहेर येईल एवढं अंतर भिंतीपासून राहतं का? अव्हेंटाडोरचं दार वर उघडतं, तेव्हा पोर्चच्या स्लॅबची उंचीही मोजा.

दुसरं माप उताराचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या बऱ्याच घरांचं जोतं उंच घेतलेलं आहे. ते शहाणपणाचंच, पण त्यामुळे रस्त्यावरून पोर्चमध्ये चढणारा उतार तीव्र झालेला असतो. हिशोब सोपा आहे. पुढच्या चाकापुढे गाडीचं नाक साधारण तीन फूट आलेलं असतं आणि ते जमिनीपासून साडेचार इंचांवर असतं. म्हणजे आठ फुटांना एक फूट यापेक्षा जास्त चढ असेल तर नाक घासणारच. नाक उचलायची यंत्रणा, म्हणजे नोज लिफ्ट, असेल तर आणखी दीड-दोन इंच मिळतात आणि सहा फुटांना एक फूट इथपर्यंत निभावतं. पण लिफ्ट फक्त नाक उचलते. चढ संपून सपाट फरशी सुरू होते त्या कडेवर गाडीचं पोट टेकतं, त्याला लिफ्टचा उपयोग नाही. तिथली कड तासून गोल करून घ्या.

फळी चढावर ठेवा, वरचं टोक फरशीला टेकवा, खालचं टोक उचलून लेव्हल सरळ करा आणि खालच्या टोकाशी उभं अंतर मोजा. आठ फुटांच्या फळीला ते अंतर एक फुटापेक्षा जास्त आलं, तर आधी गवंडी बोलवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमची पार्किंगची जागा २०१९ च्या पाणीरेषेखाली असेल तर पावसाळ्याचे दोन-तीन महिने गाडी कुठे राहील हे आत्ताच ठरवा. पाणी चढायला लागल्यावर ही गाडी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ढकलत नेता येत नाही. तळमजल्याखालच्या बेसमेंट पार्किंगचा तर विचारही करू नका.

इथं थांबा : उतार सुधारता येत नसेल आणि दुसरी जागाही नसेल, तर सुपरकारऐवजी लॅम्बोर्गिनीच्या उरुससारखी उंच गाडी बघणं जास्त शहाणपणाचं. रोज भीत भीत गेट ओलांडायची गाडी कोणी चालवत नाही, ती उभीच राहते आणि उभी राहून खराब होते.

## टप्पा २ : बजेटमधून राखीव पैसे वेगळे काढा

गाडीच्या किमतीइतकेच पैसे हातात असतील तर ती गाडी तुमच्या बजेटबाहेर आहे. माझा नेहमीचा सल्ला : किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. टायर, सर्व्हिस, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि एखादी अनपेक्षित दुरुस्ती यातून भागते. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर २० टक्के.

साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर आणि मुंबई अडीचशेच्या आसपास. सांगलीकरांनी त्यात आणखी सव्वाशे मिळवावेत. म्हणजे छोटी तक्रार आली तरी फ्लॅटबेडचं, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकचं, जाण्यायेण्याचं भाडं लागणार. मुंबईतल्या मालकाला न लागणारा हा खर्च आपल्याला कायम लागतो, तो राखीव रकमेत धरा.

## टप्पा ३ : मॉडेल निवडताना गिअरबॉक्स आधी

रंग, आवाज, पॉवर नंतर. आपल्याकडच्या वापराला क्लच कसा आहे ते सगळ्यात आधी बघायचं.

लॅम्बोर्गिनी गयार्डो (२००३ ते २०१३) मधला ई-गिअर, फेरारी ३६० आणि एफ४३० मधला एफ१ गिअरबॉक्स आणि अव्हेंटाडोरचा आयएसआर हे सगळे एका क्लचचे. आतून मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याला हायड्रॉलिक पंप क्लच दाबून देतो. हायवेवर ते उत्तम चालतात. पण साताऱ्याच्या पोवई नाक्यावर संध्याकाळी इंच-इंच पुढे सरकताना, किंवा त्या उंच जोत्याच्या चढावर रिव्हर्स घेताना क्लच अर्धवट पकडीत राहतो आणि जळतो. क्लच बदलायचा खर्च लाखांत जातो. हुराकान (२०१४ ते २०२४), फेरारी ४५८ (२००९ ते २०१५), ४८८ आणि कॅलिफोर्निया यांना दोन क्लचचा सात गिअरचा बॉक्स आहे. गर्दीत ते कितीतरी सोसतात. पण आतून बिघडले तर त्यांची दुरुस्तीही स्वस्त नाही.

पहिलीच सुपरकार असेल तर मी हुराकान सुचवतो. स्वस्तात मिळाली म्हणून ई-गिअर गयार्डो घेणाऱ्याने क्लचचे पैसे किमतीतच धरावेत.

फेरारी ३६० किंवा त्याआधीची असेल तर इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो किलोमीटर न बघता वर्षं बघून बदलायचा. तीन ते पाच वर्षांत बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा. एफ४३० पासून चेन आली. एफ४३० घेताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलेत का ते जरूर तपासा, ही त्या गाडीची जगभर माहीत असलेली दुखरी जागा आहे.

मॅसेराटी ग्रॅनटुरिझ्मो (२००७ ते २०१९) स्वस्त मिळते म्हणून अनेक जण तिच्याकडे वळतात. गाडी सुंदर आहे, मागे बसायलाही जागा आहे, उंचीही जरा बरी. पण खरेदीची किंमत उतरली तरी पार्ट्सच्या किमती उतरत नाहीत.

## टप्पा ४ : कागदं घरबसल्या मागवा

गाडी बघायला मुंबई-बंगळूरला जाण्याआधी हे सगळं फोनवर आलं पाहिजे. विकणारा "या, समोरासमोर दाखवतो" म्हणाला तर जाऊ नका.

आरसी. चेसिस नंबर पूर्ण दिसणारा फोटो मागा. लॅम्बोर्गिनीच्या सुपरकारचा नंबर झेडएचडब्ल्यू अक्षरांनी सुरू होतो, फेरारीचा झेडएफएफ आणि मॅसेराटीचा झेडएएम. मग गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर टाका आणि मालकाचा क्रमांक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तपासा. ई-चलान वेगळं तपासा. सुपरकारवर वेगाची चलानं साचलेली असतातच.

पहिलं खरेदी बिल. कंपनीच्या अधिकृत डीलरकडून भारतात विकलेली गाडी असेल तर चेसिस नंबर असलेलं टॅक्स इनव्हॉइस असतं. खासगी आयात असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री लागेल. त्यावरचा नंबर, तारीख आणि बंदराचा कोड कस्टम्सच्या आयसगेट संकेतस्थळावर पडताळून घ्या. हा कागद नसेल तर व्यवहार तिथंच बंद करा. परदेशी पर्यटकाने कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आणलेली गाडी ठरलेल्या मुदतीत परत जावी लागते, ती इथं विकताच येत नाही. दूतावासाच्या नावे शुल्कमाफीत आलेली गाडीही शुल्क भरून आणि परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही. शुल्क चुकवून आलेली गाडी महसूल गुप्तचर यंत्रणा जप्त करते, तेव्हा ती कितव्या मालकाकडे आहे हे बघत नाही. पैसे गेलेले असतात ते शेवटच्या मालकाचे.

कुठली पासिंग? इथं आपल्या भागातल्या लोकांची खास गफलत होते. विटा, खानापूर, आटपाडीतले गलाई (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे) व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत, त्यामुळे परराज्यातली गाडी ओळखीतून सहज मिळते. शिवाय कर वाचवण्यासाठी पुद्दुचेरी, झारखंड, हिमाचल पासिंगच्या महागड्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. किंमत कमी दिसते ती याचमुळे. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते. आधीच्या आरटीओची एनओसी, नवा एमएच १० (सांगली), एमएच ११ (सातारा) किंवा एमएच ५० (कराड) नंबर आणि महाराष्ट्राचा कर. खासगी गाडीच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. गाडीच्या वयाप्रमाणे कर कमी होतो, पण रक्कम किरकोळ नसते. तुमच्या आरटीओत चेसिस नंबर आणि पहिलं बिल दाखवून कराचा आकडा आधी काढून घ्या आणि तो किमतीत मिळवा. मग पुद्दुचेरीची "स्वस्त" गाडी मुंबईच्या गाडीइतकीच पडते का ते दिसेल.

महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर नंबर बदलत नाही, फक्त नाव बदलतं. माझं मत स्पष्ट आहे : दोन सारख्या गाड्यांत एमएच पासिंगची घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २००९-१० च्या गयार्डोची ती संपलेली आहे. नूतनीकरण झालंय का ते बघा. आयात गाडीची नूतनीकरणाची फी देशी गाडीपेक्षा बरीच जास्त असते, आणि पर्यावरण करही भरावा लागतो.

सर्व्हिसची बिलं. शिक्के मारलेलं पुस्तक पुरेसं नाही. तारीख, किलोमीटर आणि काय बदललं हे लिहिलेली बिलं मागा. या गाड्यांची सर्व्हिस दरवर्षी असते, गाडी हजार किलोमीटरच पळाली असली तरी. बिलं तारखेप्रमाणे लावा. एखाद्या वर्षाची मोकळी जागा दिसली की विचारा : त्या वर्षी गाडी कुठे होती?

कमी किलोमीटरला भुलू नका. "दहा वर्षांत फक्त सहा हजार" हे ऐकून माणूस हरखतो. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, टायर चपटे आणि कडक होतात, टाकीतलं पेट्रोल नासतं, रेडिएटरच्या कोपऱ्यांत पाला-धूळ बसते. दरवर्षी सर्व्हिस झालेली २५ हजार पळालेली गाडी मी अशा गाडीआधी घेईन.

तपासा : आरसी, पहिलं बिल, विमा पॉलिसी आणि सर्व्हिस बिलं या चारही कागदांवर चेसिस नंबर एकच आहे का? एका आकड्याचाही फरक असेल तर तो आरटीओत दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५ : सकाळी, थंड गाडी बघायची

आदल्या दिवशी संध्याकाळी त्या शहरात पोहोचा. विकणाऱ्याला स्वच्छ सांगा : मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, धुवायचीही नाही. पोहोचल्यावर आधी एक्झॉस्टच्या टोकाजवळ आणि इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. मग दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिनाचा धूर आणि खडखड गरम इंजिनात लपतात.

सुरू करण्याआधी बाहेरून बघा. ऊन तिरकं असताना पॅनेलच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का? पेंटची जाडी मोजायचं यंत्र बरोबर न्या. पण बाजारात मिळणारं स्वस्त चुंबकीय यंत्र इथं चालणार नाही. गयार्डो, हुराकान, ४५८ यांची बॉडी मुख्यतः अॅल्युमिनियमची. त्यासाठी लोखंडाखेरीजचे धातूही वाचणारं यंत्र लागतं. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १८० मायक्रॉन. एखाद्याच पॅनेलवर ३०० च्या पुढे आकडा गेला तर तिथं पुन्हा रंग आहे, ५००-६०० म्हणजे खाली पुटी. कार्बन फायबरच्या भागावर हे यंत्र काही दाखवत नाही, तिथं नखाने टिचकी मारून आवाज ऐका आणि कडांवर चीर आहे का बघा.

बंपरला पुन्हा रंग असणं मी मनाला लावून घेत नाही. खाली घासणाऱ्या गाडीचा बंपर रंगवलेला असणारच. दारामागचा भाग, छत आणि पुढच्या डिकीच्या आतले जोड मात्र कंपनीचेच हवेत.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायला पाच मिनिटं लागतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि अगदी तळाशी गुंडाळलेला भाग बघा. तिथं मातकट रेघ असेल तर बाकी काही बघू नका. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, वायरच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज आहे का, पुढच्या डिकीच्या कोपऱ्यात गाळ आहे का ते टॉर्चने बघा. मुंबई, चेन्नई आणि आपली सांगली, सगळीकडच्या पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावात विकल्या जातात. दूरचं गाव म्हणजे आपण.

फेरारीत एसीची बटणं आणि डॅशबोर्डचे मऊ भाग बोटाला चिकटतात का बघा. जुन्या फेरारींना रबरासारखा मऊ थर दिलेला असायचा, तो उष्णतेने वितळतो. गाडी नाकारायचं हे कारण नाही, भाव कमी करायचं आहे.

टायरवर चार आकडी कोड असतो : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "२३१९" म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी सहा वर्षांचा टायर या वेगाच्या गाडीला नको. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या लॅम्बोर्गिनीला तर हे जास्तच लागू.

मग गाडी सुरू करा. पहिल्या मिनिटातला निळा धूर, चेनची लांबलेली खडखड, डॅशबोर्डवरचे विझत नसलेले इशाऱ्याचे दिवे लिहून घ्या. अॅक्सिलरेटर दाबून आवाज "ऐकवू" देऊ नका. थंड इंजिनाला तसं करणारा मालक एरवीही तेच करत असणार. नोज लिफ्ट वर करा, गाडी बंद करून वीस मिनिटं सोडा आणि नाक खाली बसतं का बघा.

## टप्पा ६ : लिफ्टवर चढवणं आणि स्कॅन

हा टप्पा शक्यतो त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये करा. ते जमत नसेल तर त्या गाड्यांवर काम केलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे. आपला नेहमीचा मेस्त्री कितीही हुशार असला तरी इथं चालणार नाही, कारण त्याच्याकडे या गाडीशी बोलणारा स्कॅनर नसतो. तपासणीचे पैसे तुम्ही भरा. विकणाऱ्याने भरले की रिपोर्ट त्याचा होतो.

स्कॅनमधून काय हवं ते आधीच सांगून ठेवा :

- एका क्लचची गाडी असेल तर क्लच किती टक्के झिजलाय
- इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, म्हणजे ओव्हर-रेव्हची नोंद
- इंजिनाचे तास. तासांचा आणि मीटरवरच्या किलोमीटरचा मेळ बसला पाहिजे
- जुने एरर कोड, आणि ते शेवटचे कधी पुसले. काल पुसलेले असतील तर पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा

खालून बघताना तळाच्या पत्र्यांचे बोल्ट मोजायला सांगा. गायब बोल्ट म्हणजे घाईत केलेलं काम. शॉकअॅब्सॉर्बर ओले आहेत का, गिअरबॉक्सच्या जोडातून तेल झिरपतंय का, उसाच्या ट्रॉलीने सांडलेल्या खडीवर घासल्यासारखे ओरखडे चेसिसच्या मुख्य भागावर आहेत का, हे फोटोसकट लिहून घ्या.

कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर जाडीपेक्षा वजन महत्त्वाचं. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. शंका आली तर डिस्क काढून काट्यावर ठेवायला सांगा. कडेला टवके उडालेत का तेही बघा. चारही डिस्क बदलायच्या झाल्या तर त्या पैशांत चांगली नवी कार येते.

दहा वर्षांच्या पुढची गाडी असेल तर इंजिनाची कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब टिकतो का याची तपासणी, करा. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ हवेत.

इथं थांबा : विकणारा कोणत्याही कारणाने तपासणीला नाही म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं आहे. घरी या.

## टप्पा ७ : चालवून बघणं

गाडी पूर्ण गरम झाल्यावर चालवा, निदान अर्धा तास. जोरात पळवायची गरज नाही. गर्दीतून हळू न्या, चढावर थांबवून पुन्हा उचला, रिव्हर्स घ्या. क्लचचा जळका वास इथं येतो. एसी पूर्ण चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा आणि तापमानाचा काटा बघा. उन्हाळ्यात साताऱ्याहून महाबळेश्वरला जाताना घाटात ट्रकमागे अडकल्यावर हीच परीक्षा होणार आहे.

## टप्पा ८ : आता भाव, मग इसार

आता हातात रिपोर्ट आहे. टायर, क्लच, सर्व्हिस, आरटीओचा कर या प्रत्येकाचं लेखी अंदाजपत्रक पुढे ठेवा आणि बोला. "बघा ना जरा कमी होतंय का" यापेक्षा "क्लच ७० टक्के गेलाय, हे कोटेशन" याला वजन असतं.

टोकन द्या ते स्टॅम्प पेपरवरच्या इसार पावतीवर. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली किंमत, दोन्ही चाव्या आणि बरोबर येणाऱ्या वस्तूंची यादी लिहा : चार्जर, टोइंग हुक, टायर दुरुस्तीचं किट, कव्हर, पुस्तकं. फेरारी ३६० असेल तर लाल मास्टर चावी आणि कोडचं कार्डही. एनओसी किंवा बँकेचं पत्र ठरल्या तारखेपर्यंत मिळालं नाही तर टोकन पूर्ण परत, हे वाक्य हवंच.

## टप्पा ९ : पैसे आणि नाव बदलणं

आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात आरटीजीएस. मध्यस्थाच्या, भावाच्या, दुसऱ्या फर्मच्या खात्यात नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, "थोडे कॅशमध्ये" हा विषय निघाला तर तिथंच थांबवा. विकणारा डीलर असेल तर दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गोळा करायचा आयकर, लागतो, तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो. त्यासाठी पॅन बरोबर द्या.

कर्ज असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेले पैसे. गाडी कंपनीच्या नावे असेल, आणि अशा बऱ्याच असतात, तर संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागेल.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांनी सही करून ठेवा. आदल्या रात्रीच्या चलानाची भांडणं तिथंच मिटतात.

विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती धरलीय आणि या वयाच्या गाडीला झिरो डेप (पार्ट्सची घट न कापता भरपाई) मिळतं का, हे टोकनआधीच विचारून ठेवलेलं बरं.

## टप्पा १० : गाडी घरी आणणं

पहिल्याच दिवशी मुंबईहून चालवत आणायची हौस आवरा. अनोळखी गाडी, कागद अजून दुसऱ्याच्या नावावर आणि हायवेवर रुंदीकरणाची वळणं. बंद कंटेनरची कार कॅरिअर सगळ्यात चांगली, नाहीतर लांब उताराची फ्लॅटबेड. पट्टे चाकांवरूनच बांधायचे, सस्पेन्शनच्या दांड्यांना हुक लावू द्यायचा नाही. प्रवासाचा विमा वेगळा घ्या आणि चढवण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

मोठा कंटेनर सांगलीच्या गल्लीत येत नाही. पेठ नाक्याजवळ किंवा साताऱ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडवर, दिवसाउजेडी आणि सपाट जागी गाडी उतरवून घ्या. तिथून घरापर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी दुचाकीवरून फिरून बघा, स्पीडब्रेकर कुठे कुठे आहेत ते कळेल. उंच ब्रेकर तिरका घ्यायचा, एकेक चाक करून.

## टप्पा ११ : पहिला महिना

सर्व्हिस नुकतीच झाली असली तरी इंजिन ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदला, तिथून तुमची स्वतःची नोंद सुरू होते. बॅटरीला कायम मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा) लावून ठेवा. पेट्रोल ९५ ऑक्टेन किंवा त्याहून वरचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तुमच्या वर्षाच्या मॉडेलला किती इथेनॉल चालतं ते गाडीच्या पुस्तकात बघा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा तेच पेट्रोल टाकीत महिनोनमहिने ठेवू नका.

पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी बाहेर काढा आणि पाण्याबरोबर इंजिन ऑइलही गरम होईपर्यंत, म्हणजे किमान २५-३० किलोमीटर, चालवा. पोर्चमध्ये पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याने फायदा शून्य, उलट एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं. ऊस तोडणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर गाडी काढू नका. मागे दिवा नसलेली ट्रॉली या उंचीवरून फार उशिरा दिसते, आणि रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं साडेचार इंचांखालून जात नाही.